काकाजी बाहेर उभे आहेत

मोठीने परवा तिच्या नव्या अभ्यासक्रमाचं नाव लिहून पाठवलं: आशियातल्या देशांचे व्यापारी कायदे आणि तिथल्या कंपन्यांचा कारभार, यांचा तुलनात्मक अभ्यास. खाली लिहिलं होतं, ‘आजी, तुला हे फार कंटाळवाणं वाटेल.’ धाकट्याने त्याखाली जांभई देणारं पिवळं तोंड चिकटवलं होतं.

तुम्हा दोघांना कळावं म्हणून लिहिते. हा विषय मी सौंसरला शिकले आहे. विद्यापीठात नाही, कापसाच्या जिनच्या आवारातल्या एका खोलीत, पत्र्याच्या पेटीसमोर सतरंजीवर बसून. परीक्षा एकच झाली आणि ती माझ्याऐवजी माझ्या आईने दिली. ते पुढे येईल.

शिकवणारे गृहस्थ वकील होते. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे, मी काकाजी म्हणत असे. उंच, किडकिडीत, वैशाखातही अंगात काळा कोट. हातात छत्री. ती ते उन्हाळ्यात घेऊन हिंडत आणि पावसाळ्यात घरी ठेवत. तरुणपणी रंगूनला त्यांनी इतका पाऊस पाहिला होता, की सौंसरच्या पावसात छत्री उघडणं म्हणजे त्यांना छत्रीचा अपमान वाटे.

रंगूनला ते एका बड्या वकिलाच्या हाताखाली होते. तांदळाच्या गिरण्या, सागवानाच्या वखारी, बोटींच्या कंपन्या यांची कामं तिथे चालत. महायुद्ध तिथे पोचलं तेव्हा नवराबायकोला एका बोटीवर जागा मिळाली. धक्क्यावर सांगण्यात आलं, दोघांत मिळून एकच पेटी. एका पेटीत काकीजींची लुगडी आणि भांडी होती, दुसरीत कायद्याची पुस्तकं. कोणती आली ते सांगायला नको. काकीजी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांचा राग ताजा असे.

“माह्यं लग्नाचं लुगडं रंगूनच्या धक्क्यावर टाकलं, अन् जपानचा कायदा घरी आनला! बाप्पा, जपानच तं बॉम टाकून राह्यला होता आमच्यावर, अन् हे त्याचंच पुस्तक छातीशी धरून बसले!”

“बॉम टाकणारा वेगळा, कायदा लिहिणारा वेगळा,” काकाजी शांतपणे म्हणत.

“लुगडं नेसणारी कोन होती मंग?”



मी त्यांच्याकडे कशी पोचले तेही सांगते. माझे वडील सौंसरच्या जिनमध्ये हेडक्लार्क होते. जिन म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी करतात आणि रुईच्या गाठी बांधतात तो कारखाना. आमची जिन लिमिटेड कंपनी होती आणि तिचे भागधारक म्हणजे आजूबाजूचे शेतकरी आणि गावातले दुकानदार. वडिलांचेही थोडे शेअर होते. मी नागपूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वडील गेले आणि ते शेअर आईच्या नावावर झाले. मी घरी परत आले. घर म्हणजे जिनच्या आवारातलंच दोन खोल्यांचं क्वार्टर. कंपनीच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, आईला सांगितलं, “वहिनी, तुम्ही इथंच राहा. कोणी उठवणार नाही.” तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून शिधा आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी शेठजींविषयी जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही त्यांना वाईट माणूस समजाल. ते तसे नव्हते.

काकाजी कंपनीचे सल्लागार वकील होते आणि त्यांचं ऑफिस आमच्या क्वार्टरपासून चार पावलांवर, आवारातल्याच एका खोलीत होतं. त्यांना इंग्रजीत टाईप करणारं कोणी हवं होतं. गावात तेवढं इंग्रजी येणारी मी एकटी मोकळी होते. मुलीने वकिलाच्या ऑफिसात बसायचं, यावर बाजारात पंधरा दिवस बोलणं झालं. काकाजींनी उपाय केला तो असा, की खोलीचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. “आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहू दे,” म्हणाले. थंडीत आम्ही दोघं कुडकुडत बसायचो. दार चार वर्षं तसंच भिंतीला टेकलेलं होतं.

टायपिंग फार नसे. मग ते पेटी उघडत. त्यांनी मला एक जाड वही दिली होती. प्रत्येक पानावर वर एक प्रश्न आणि खाली चार रकाने: भारत, रंगून, सिंगापूर, जपान. कंपनीवर नजर कोणी ठेवायची? सभेत किती माणसं हवीत? न आलेल्या सभासदाचं मत कोण देणार? ते पुस्तकांतून वाचून दाखवत, मी रकाने भरत असे. रंगूनचा रकाना लवकर भरे, कारण तो कायदा आपल्याच जुन्या कायद्यावरून बेतलेला होता. जपानच्या रकान्याशी आम्ही सगळ्यात जास्त थांबायचो. तिथे संचालकांवर लक्ष ठेवायला सभासद वेगळा माणूस निवडतात, हे वाचून काकाजींनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिले, एखाद्याने छान गाणं ऐकावं तसे.

“कायदा म्हणजे कुलूप, पोरी,” ते म्हणायचे. “चोर सगळीकडे एकच आहे. चार गावच्या लोहारांनी त्याच्यासाठी चार कुलुपं घडवली. आपण फक्त पाहायचं, कोणतं आपल्या दाराला बसते.” आणि मग भिंतीला टेकलेल्या दाराकडे पाहून स्वतःच हसायचे.

मी आजही किराण्याची यादी चार रकान्यांत करते. तुमची आई हसते. आता तिला कारण कळेल.

त्यांची सगळ्यात मोठी सवय मात्र वेगळी होती. रंगूनला एका गिरणीच्या सभेत त्यांनी पाहिलं होतं, की एका म्हाताऱ्या चिनी व्यापाऱ्याच्या पुतण्याला काम द्यायचा विषय निघाला. म्हातारा काही न बोलता उठला, बाहेर नदीच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि आतून कोणी हाक मारीपर्यंत चिरूट ओढत राहिला. काकाजी तेव्हा पंचविशीत होते. ती पाठ त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी गेली नाही.

तेव्हापासून, ज्या गोष्टीत आपला हितसंबंध आहे तिची चर्चा सुरू झाली की ते उठून बाहेर जात. घरीसुद्धा. काकीजींनी भाजी कोणती करू विचारलं की हे ओसरीवर.

“मला वांगं आवडते. मी निर्णयात बसणं बरोबर नाही.”

“मंग वांगंच करू का?”

“मी बाहेर आहे.”

थोड्या वेळाने काकीजी आतून ओरडत, “या आता, झालं ठरवून!” मगच ते आत येत. बोलावल्याशिवाय कधीच नाही. याचंही त्यांचं एक म्हणणं होतं. “बाहेर जाणं कायद्यात लिहिता येते. परत बोलावणं लिहिता येत नाही. ते आतल्या माणसांवर सोडलं आहे.”

राज्यांची फेररचना होणार म्हणून गावात दोन तट पडले होते. आपण मराठी बोलणारे, नागपूरसोबत जाऊ, असं अर्धं गाव म्हणे. उरलेल्यांना जिल्हा सोडवत नव्हता. दोन्हीकडचे लोक अर्जावर सही मागायला काकाजींकडे आले. काकाजी दोघांनाही खोलीत बसवून स्वतः बाहेर गेले, कारण त्यांची निम्मी वकिली नागपूरला होती. आत दोन्ही तटांची माणसं एकमेकांकडे पाहत बसली आणि चहा पिऊन गेली. शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आमचा जिल्हा भोपाळच्या; आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो आणि राज्य आमच्यावरून सरकलं.

तुमच्या आजोबांशी माझं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट थोडी नंतरची, पण इथेच सांगून टाकते. पांढुर्ण्याहून मंडळी पाहायला आली. आईने वडीलधारं माणूस म्हणून काकाजींना बसवलं होतं. स्थळ आणणारे गृहस्थ मुलाचं कौतुक करू लागले. काकाजींनी त्यांना थांबवलं.

“आपण मुलाचे कोण?”

“मावसभाऊ लागतो जी मी.”

“मग आपण बाहेर बसा.”

मावसभाऊ लाल झाले. मुलाचे वडील उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मुलगा मोठ्याने हसला आणि म्हणाला, “मग मीबी बाहेर जातो. सगळ्यात जास्त हितसंबंध माझाच आहे.” काकाजी त्याच्याकडे पाहतच राहिले. मीही उठले. तेव्हा ते म्हणाले, “तू नाही. तू बस. दुसऱ्याचं काम पाहणाऱ्यानं उठायचं असते. ज्याचं स्वतःचं आहे त्यानं बसायचं.” आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, हा मुलगा तुला चालतो का. मी म्हटलं, जो बाहेर गेला आहे त्याला आत बोलवा.

ते शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडूनच शिकले होते, पण जिथे ते म्हणायला हवं होतं तिथे एक वर्ष आधी म्हटलं नव्हतं. आता ती गोष्ट.

त्या वर्षी थंडीत बातमी पसरली, की शेठजी जिन विकणार. घेणारा त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याला जिन चालवायची नव्हती. यंत्रं काढून विकायची आणि बाजाराला लागून असलेल्या मोक्याच्या जागेवर दुकानं काढायची, असा बेत होता. शेठजी उघड म्हणत, “नागपूर तं मुंबईच्या राज्यात जाऊन राह्यलं. आपली राजधानी भोपाळ. उद्या कापूस नेताना नाक्यावर अडवलं तं गाठी काय घरात रचाल? विकून मोकळे होऊ.” लोकांना ते पटतही होतं. पण जिन गेली म्हणजे आवार गेलं, आणि आवार गेलं म्हणजे आमच्या दोन खोल्या गेल्या. आईला माहेर उरलं नव्हतं. माझा भाऊ सातवीत होता. जायला दुसरी जागा नव्हती, इतकं ते साधं होतं.

काकाजी मात्र निश्चिंत दिसले. कंपनीच्या नियमावलीत त्यांनी फार पूर्वी एक कलम घातलं होतं: कंपनीचा संचालक असो वा सल्लागार, ज्या व्यवहारात त्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा हितसंबंध असेल, तो विषय चालू असताना त्याने सभेबाहेर जावं आणि दुसऱ्यांच्या मतांचे जे कागद त्याच्या हाती असतील ते टेबलावर ठेवून जावं. कलम मंजूर झालं तेव्हा सभासद बुंदी-चिवडा खात होते. ते कोणी वाचलंच नव्हतं. “सभेत मी उठून ते वाचतो,” काकाजी म्हणाले, “शेठजी बाहेर. मग सभासद ठरवतील.”

मला बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही योगायोगाने वहीतल्या ‘न आलेल्या सभासदाचं मत’ या पानावर होतो. आई ताक घेऊन आली. काकाजींनी सहज विचारलं, “वहिनी, तुमचं मत दरवर्षी कोण देते?”

“कायचं मत?”

“जिनच्या सभेत. तुम्ही प्रॉक्सीच्या कागदावर सही करत असाल ना, की माझ्या वतीनं अमक्यानं मत द्यावं?”

आई विचार करू लागली. मग म्हणाली, “थे संक्रांतीचं का? शेठजींचा मानूस तिळगूळ घेऊन येते. सोबत एक कागद रायते. त्याच्यावर सही करतो नं मी. साऱ्याच बाया करते.”

“कागदावर काय लिहिलेलं असते?”

“काईच नाई जी. कोराच रायते. तिळगुळाच्या कागदाले कोन वाचते?”

काकाजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. सभेच्या वेळी शेठजींसमोर जो कागदांचा गठ्ठा असे तो काकाजींनीच दरवर्षी तपासलेला होता. सह्या खऱ्या असत. कागद कुठून आले हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“जपानचं वाचलं,” ते म्हणाले, “सिंगापूरचं वाचलं. माझ्या गावची संक्रांत मी वाचली नाही.” मग मला म्हणाले, “पाचवा रकाना ओढ. वर सौंसर लिही. खाली लिही, कोरी सही, तिळगुळासोबत.”

मी लिहिलं. ती सही माझ्या आईची होती आणि इंग्रजी शिकलेली मी दरवर्षी तिला ती करताना पाहत होते.

आईला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “सभेला स्वतः या. तुम्ही स्वतः खुर्चीवर बसलात की तुमचा तो कागद मेला.”

“मी? मानसायच्या सभेत?”

“सभासदांच्या सभेत.”

“मंग मलेबी उठा लागन नं? माह्यं घर तितंच हाये.”

“तुम्ही कंपनीच्या नोकर नाही, वहिनी. मालक आहात. मालकानं स्वतःच्या घरासाठी मत दिलं तर त्यात गैर काही नाही.”

सभा वैशाखात, हंगाम संपल्यावर कापसाच्या रिकाम्या शेडमध्ये. मोहगाव, लोधीखेड्याहून लोक बैलबंड्यांनी आले. आई डोक्यावरून पदर घेऊन अगदी शेवटच्या खुर्चीवर बसली. सोबत आणखी दोन बाया होत्या, तिनेच ओढून आणलेल्या. मी पुढे टेबलाशी होते. सभेचा वृत्तांत लिहिण्याचं काम माझं. वृत्तांत लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नाही, असा काकाजींचा कडक नियम होता. शेठजींसमोर कागदांचा गठ्ठा होता आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर वजनाच्या काट्याचं एक माप ठेवलेलं होतं.

विक्रीचा विषय निघाला. काकाजी नियमावली हातात घेऊन उठले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच शेठजी गोड आवाजात म्हणाले, “वकीलसाहेब, पहिले एक विचारतो. तुमचं ऑफिस कोन्या जागेत हाये?”

“कंपनीच्या.”

“भाडं?”

“घेत नाही कंपनी.”

“जिन विकली तं थे खोली राहीन का जाईन?”

“जाईल.”

“मंग तुमचा हितसंबंध झाला का नाई? तुमचंच कलम हाये जी. मी वाचलं काल.”

शेडमध्ये हशा पिकला. मी काकाजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील, की आधी तुम्ही उठा, तुमचा हितसंबंध मोठा आहे. वकील माणूस, दहा वाटा माहीत. पण त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाने अवघड गणित सोडवल्यावर मास्तरांचा उजळतो तसा.

“शाबास, शेठजी!” ते म्हणाले. “माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे कलम वाचणारे तुम्ही पहिले.” नियमावली त्यांनी टेबलावर उघडीच ठेवली. छत्री खुर्चीला टांगलेली होती ती तिथेच राहिली. ते चालत शेडच्या बाहेर गेले, भर उन्हात.

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की हातातली पेन्सिल मोडली. ते कलम उठून वाचणारा एकच माणूस सभेत होता आणि तो हसतमुखाने निघून गेला होता. मला बोलता येत नव्हतं. मी दुसरी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: ‘सल्लागार वकील हितसंबंधामुळे सभेबाहेर गेले.’

शेठजींनी गठ्ठ्यावरचं माप उचललं. “तं मंग, कोनाले काई बोलाचं हाये का?”

लोक बुंदीच्या परातीकडे पाहत होते.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उभी होती. पदर तोंडाशी धरलेला, आवाज इतका बारीक की पुढच्या लोकांना वळून पाहावं लागलं.

“शेठजी, रागाऊ नका जी. तुमी आमाले आसरा देल्ला, मी थे इसरली नाई.” ती थांबली. मला वाटलं, आता बसेल. “पन वकीलसाहेब एका खोलीसाठी उठून गेले. तुमचा तं साळा सारी जिन घेऊन राह्यला. मंग तुमी कसे बसून राह्यले?”

मग मोहगावचा एक म्हातारा शेतकरी काठीवर हात ठेवून म्हणाला, “बाई बराबर बोलून राह्यली. उठा नं शेठ. वकील गेलाच नं उन्हात.”

“हाव, उठा!” दुसऱ्या कोणीतरी म्हटलं. तिसऱ्याने म्हटलं. त्यांनी कलम वाचलं नव्हतं. पण ते कलम आत्ताच त्यांच्यासमोर उठून दारातून चालत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

शेठजींना वाद घालता आला असता. ते उठले. टेबलावर नियमावली उघडी होती, त्यांनी तीत एकदा पाहिलं आणि कागदांचा गठ्ठा तिच्या शेजारी ठेवला. “वहिनी, तुमी बोलसान असं वाटलं नव्हतं,” एवढंच म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. मोहगावच्या म्हाताऱ्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. गठ्ठा टेबलावर तसाच पडून राहिला आणि हात वर झाले. आईचा हातही वर झाला, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला. जिन विकायची नाही, असं ठरलं.

मग जे झालं त्याची तुम्ही कल्पना करू शकता. सगळे एकदम बोलू लागले. बुंदी वाटली गेली. बाया आईभोवती जमल्या. आईला रडू येत होतं आणि ती ते हसण्यात लपवत होती. मी वृत्तांत पूर्ण केला, ठराव लिहिला, सह्या घेतल्या. बंड्या जुंपल्या गेल्या. शेड रिकामी झाली. मी टेबल आवरत होते तेव्हा खुर्चीला टांगलेली छत्री दिसली.

मी छत्री घेऊन धावत बाहेर गेले. काकाजी आवाराच्या टोकाला, वजनकाट्याजवळ, शेडकडे पाठ करून उभे होते. डोक्यावर काही नाही. मी मागून हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. समोर गेले तेव्हा दिसलं, दोन्ही कानांत त्यांनी रुईचे बोळे घातले होते. आवारात पडलेली, आमच्याच जिनची रुई.

बोळे काढून त्यांनी विचारलं, “विषय संपला?”

“कधीच संपला, काकाजी. बुंदीसुद्धा संपली. जिन राहिली! आई बोलली!”

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाले, “मला कोणी बोलावलं नाही.”

तक्रार नव्हती ती. नोंद होती. मी तोंडावर हात ठेवला. आनंदात आमच्यापैकी कोणालाही आठवण झाली नव्हती.

“मी लिहिते,” मी म्हटलं, “की विषय संपल्यावर वकीलसाहेब परत आले.”

“परत आलो नाही तर कसं लिहिशील? सभा संपली. खोटं लिहायचं नाही.” त्यांनी छत्री उघडली. तोपर्यंत ऊन उतरलं होतं. “वहिनी काय बोलल्या ते मात्र अक्षर न् अक्षर सांग. चालता चालता सांग.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खोली सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. शेठजींनीच राहा म्हणून निरोप पाठवला, तरी नाही. पेटी त्यांच्या घरच्या ओसरीवर गेली आणि काकीजींनी तिच्यावर पापड वाळत घातले. मी पुढे तिथेच शिकायला जात असे, पापड बाजूला सरकवून. बी. ए.चा फॉर्म त्यांनीच आणून दिला. पुढे मी पांढुर्ण्याला सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि कोणाचाही आग्रह असला तरी नातेवाइकाच्या मुलाचा पेपर कधी तपासला नाही. आई शेवटपर्यंत त्या दोन खोल्यांत राहिली. संक्रांतीला शेठजींकडून तिळगूळ येतच राहिला, पण सोबतचा कागद बंद झाला.

जिन आता नाही. काकाजी तर त्याच्याही आधी गेले. मूळ वृत्तांत कुठे गेले कोणास ठाऊक, पण त्या सभेची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. परवा मोठीचा निरोप आल्यावर ती काढून वाचली. सगळं नीट आहे. ठराव आहे, सह्या आहेत. आणि मधेच ती एक ओळ आहे, की सल्लागार वकील सभेबाहेर गेले. ते परत आल्याची ओळ कुठेच नाही. त्या पानावर ते अजून उन्हात उभे आहेत, कानात रुई घालून, कोणी बोलवायला येईल म्हणून.

मोठे, तू शिकतेस ते देश आता त्या चार रकान्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतील. तू एक रकाना आपल्या गावासाठी ठेव. आणि सभेतून कोणी उठून गेलं तर लक्ष ठेव.

मला हे लिहायला फार उशीर झाला. काकाजी, विषय संपला. आत या.